नवनाथशेठच्या नावावर

नवनाथ केंद्रेला कुणी 'शेठ' म्हणून हाक मारली की तो कुठेही सही करायचा. हा त्याचा एकुलता एक मोठा दुर्गुण होता आणि त्याला तो गुण वाटत असे.

तळवड्यात पत्र्याच्या एका गाळ्यात त्याचे दोन लेथ होते, एक ड्रिलिंग मशीन होते आणि सहा माणसे होती. पंधरा वर्षांपूर्वी तो अहमदपूरहून पिंपरीत हेल्पर म्हणून आला, सात वर्षे दुसऱ्याच्या कंपनीत शिफ्टा केल्या आणि मग स्वतःचा धंदा काढला. धंदा कसला, तर चाकणच्या कंपन्यांना लागणारे लोखंडाचे तुकडे कापून, घासून, भोके पाडून द्यायचे. पण दारावर 'केंद्रे इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी लागली आणि त्या दिवसापासून नवनाथचा नवनाथशेठ झाला.

आता शेठ झाले म्हणजे शेठसारखे वागायला नको? या पट्ट्यात त्याची एक ठरलेली रीत आहे. गाळ्यात नवा माणूस कामाला येतो. त्याच्याकडे भाडेकरार नसतो, पगाराची स्लिप नसते, आधारवर गावाकडचा पत्ता असतो. त्याला कुणी हप्त्यावर मोबाइल देत नाही. मग तो म्हणतो, "शेठ, तुमच्या नावावर काढा ना. हप्ता माझ्या पगारातून कापा." शेठ दुकानात जातो, पॅनकार्ड काढतो, ओटीपी सांगतो, दुकानदार चहा मागवतो, काउंटरवरची मुलगी वस्तूसकट शेठचा फोटो काढते आणि माणूस मोबाइल घेऊन निघतो. चार महिन्यांनी शेजारच्या गाळ्यात पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून तो माणूस तिकडे जातो. मोबाइलही जातो. हप्ता तेवढा इमानाने शेठपाशी राहतो.

असा राहिलेला हप्ता आपण भरायचा असतो, हे नवनाथच्या डोक्यात कधी शिरलेच नाही. वस्तू ज्याने नेली त्याने भरावे, अशी त्याची साधी समजूत. वसुलीवाल्याचा फोन आला की तो त्याला त्या माणसाचा नंबर द्यायचा आणि वर आपण मदत केली म्हणून समाधानाने फोन ठेवायचा.

या समाधानात जानेवारी उजाडला आणि चाकणच्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने त्याला बोलावून घेतले. तिथले ब्रॅकेटचे काम नवनाथ चार वर्षे करत होता, पण त्यासाठी लागणारे व्हीएमसी नावाचे कॉम्प्युटरवर चालणारे मोठे मशीन त्याच्याकडे नव्हते. दुसऱ्याच्या मशीनवर तासाच्या भाड्याने तो काम करून घ्यायचा आणि नफा त्या मशीनवाल्याच्या घरी जायचा. अधिकारी म्हणाला, "हे वर्ष असंच चालवू. पण पुढच्या वर्षीच्या एकतीस मार्चच्या आत स्वतःचं मशीन बसलेलं पाहिजे. नाहीतर काम दुसरीकडे." गाळ्याचे निम्मे पोट त्या ब्रॅकेटवर चालत होते. मशीन आले तर धंदा तरणार होता, नाही आले तर दाराची पाटी उतरवावी लागणार होती.

नवनाथ सहकारी बँकेत गेला. तिथल्या मॅनेजर जयमाला मॅडमनी कागद पाहिले, कॉम्प्युटरवर त्याचे नाव टाकले आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"तुमचं सिबिल पाचशे एकतीस आहे."

"म्हणजे निम्म्याच्या वर आहे ना मॅडम?"

"केंद्रे, ते तीनशेपासून सुरू होतं. नुसता जन्म घेतला तरी तीनशे मिळतात. कर्जाला सातशेच्या पुढं लागतं. आणि तुमच्या रिटर्नमध्ये उत्पन्न तरी केवढं दाखवलंय?"

उत्पन्नाचे दुखणे वेगळेच होते. कर वाचावा म्हणून सीएने तीन वर्षे नवनाथला कागदावर गरीब ठेवले होते, आणि गरिबाला पंचवीस लाखांचे मशीन कोण देतो? नवनाथ सरकारपुढे हात पसरलेला आणि बँकेपुढे छाती काढलेला, असा दोन्हीकडे फसला होता.

घरी त्याच्या बायकोने, पूनमने, तो सिबिलचा रिपोर्ट चष्मा लावून वाचला. अकरा खाती होती. पाच मोबाइल, दोन फ्रिज, एक टीव्ही, एक कूलर, एक बुलेट आणि एक घरघंटी.

"आपल्या नावावर दोन फ्रिज आहेत?" तिने विचारले.

"हो."

"मग हा आपला कितवा?" तिने दांडी तुटलेल्या स्वतःच्या फ्रिजकडे बोट केले.

"हा त्यात नाही. हा आपण रोख घेतला."

पूनमने चष्मा काढून ठेवला. तिला रडू येत होते आणि हसूही, पण तिने दोन्ही आवरले. सगळे मिळून एक लाख त्र्याऐंशी हजार थकले होते, त्यातला बराचसा दंड आणि व्याज.

पण शेठ माणूस सरळ रस्त्याने कसा जाईल? कुणीतरी त्याला वाकडच्या कुलदीपचा पत्ता दिला. तिथे उंच इमारतीत काचेचे ऑफिस होते आणि दारावर 'क्रेडिट डॉक्टर' असे लिहिले होते. कुलदीपने रिपोर्टवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "नवनाथशेठ, पंचेचाळीस दिवसांत साडेसातशे. फी फक्त अकरा हजार आठशे." त्याचा उपाय सोपा होता. अकराही खाती माझी नाहीत, माझ्या नावाचा कुणीतरी गैरवापर केला, असा अर्ज करायचा. नवनाथ जरा कचरला. पण कुलदीप पुन्हा एकदा शेठ म्हणाला आणि सही झाली.

महिन्याभराने कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे उत्तर आले. सोबत अकरा फोटो होते. पहिल्या फोटोत नवनाथ मोबाइलचा खोका छातीशी धरून हसत होता. दुसऱ्यात फ्रिजला टेकून उभा होता. टीव्हीच्या फोटोत त्याच्या हातात चहाचा कप होता. बुलेटच्या फोटोत गळ्यात हार होता, गाडीच्याही आणि त्याच्याही. घरघंटीच्या फोटोत कडेला त्याच्या गाळ्यातली रंभाबाई अर्धी कापली गेली होती आणि मधोमध नवनाथ, जसा काही गव्हाचा शोध त्यानेच लावला. एकाही फोटोत कुणी त्याच्या नावाचा गैरवापर करताना दिसत नव्हते. कुलदीपला फोन केला तर तो म्हणाला, "आपण प्रोसेसमध्ये आहोत." त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

पूनमने फोटो पुन्हापुन्हा पाहिले. "आपल्या लग्नात सुद्धा तुम्ही इतके हसला नव्हता," ती म्हणाली, आणि त्या दिवशी धंद्याची वही तिने आपल्या हातात घेतली.

मग सुरू झाले खरे काम, ज्याच्यात कुणीही शेठ म्हणत नाही. दर रविवारी गाळा चालू. लेथखाली साचणारा लोखंडी कीस भंगारवाल्याला विकला की ते पैसे थेट थकलेल्या हप्त्यात. सीएला सांगून उत्पन्न खरे दाखवले आणि कर भरला, तेव्हा नवनाथला दोन दिवस जेवण गेले नाही. मोबाइलवाल्यांपैकी दोघांनी पैसे दिले. एकाने काच फुटलेला मोबाइलच परत आणून दिला आणि उपकार केल्यासारखा चहा पिऊन गेला. बाकीचे नंबर बंद होते. पूनम एकेक खाते फेडायची, त्याचा दाखला मागून घ्यायची आणि वहीत त्या वस्तूपुढे फुली मारायची.

बुलेटला मात्र फुली बसेना. ती गाळ्याचे मालक सोपानराव यांच्या मुलाकडे, ओंकारकडे होती. सोपानराव जुने गाववाले. रस्त्यात जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशातून आठ गाळे, दोन इमारती आणि गळ्यात जाड साखळी झालेली. त्यांना बुलेट रोख घेता आली असती, पण हप्त्यावर घेतली की दोन हेल्मेट फुकट होती. आणि त्यांनी जन्मात कधी कर्ज घेतले नव्हते, म्हणून दुकानदाराच्या कॉम्प्युटरला एवढा मोठा माणूस माहीतच नव्हता. मग भाडेकरू कशाला असतो? गाडी नवनाथच्या नावावर निघाली. तिचे सात हप्ते थकले होते.

नवनाथ हात जोडून त्यांच्या ओसरीवर गेला.

"आमी कुनाचं देनं ठेवत न्हाई, नवनाथ," सोपानराव म्हणाले. "सात पिढ्यांत आमच्या नावावर रुपयाचं कर्ज न्हाई. बँकेत जाऊन इचार."

"बरोबर आहे, अण्णा. ते माझ्या नावावर आहे."

"मंग तुझंच झालं की. तू भर."

गाळा त्यांचा, लाइटचे मीटर त्यांचे, अकरा महिन्यांचा करार त्यांचा. नवनाथ गाळ्यात परत आला आणि खुर्चीत बसून राहिला. त्या दिवशी त्याला स्वतःचा फार राग आला.

पूनमने ड्रॉवर उघडला आणि एक किल्ली टेबलावर ठेवली. गाडीच्या कागदांबरोबर मिळालेली ती दुसरी किल्ली होती.

गावात यात्रेची तयारी चालली होती. चौकात ओंकारचा फलक लागला होता, 'युवा उद्योजक' असे लिहिलेला, आणि त्यावर तो बुलेटवर बसलेला. दुपारी चारला त्याच बुलेटवरून तो यात्रेच्या रॅलीच्या पुढे राहणार होता. तीन वाजता नवनाथने फलकाखाली उभी असलेली गाडी भर उन्हात, दहा माणसांदेखत सुरू केली आणि गाळ्यात आणून लेथच्या मागे लावली. घाईत त्याला स्टँड लावता येईना, तो रंभाबाईने लावला.

अर्ध्या तासात सोपानराव हजर. "चोरी करतूस व्हय रं?"

"चोरी कशी होईल, अण्णा?" पूनमने कागद पुढे केला. "गाडी यांच्या नावावर आहे. सात पिढ्यांत तुमच्या नावावर ही गाडी नाही."

बाहेर ढोल-ताशेवाले आले होते. ओंकार फेटा बांधून फाटकाशी उभा होता आणि पोरे शिट्ट्या मारत होती. सोपानरावांनी एकदा मुलाकडे पाहिले, एकदा कागदाकडे आणि मग माणूस पाठवून घरून पिशवी मागवली. उरलेले सगळे पैसे रोख मोजून दिले. पुढच्या महिन्यात गाळ्याचे भाडे दोन हजारांनी वाढले. महागाई फार झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

अकरापैकी एक वस्तू मात्र अशी होती की तिच्यासाठी नवनाथला काहीच करावे लागले नाही, म्हणून ती त्याच्या हिशेबातही नव्हती. रंभाबाई गाळ्यात कानशीने तुकड्यांच्या धारदार कडा घासायची. तिने नवनाथच्या नावावर घरघंटी घेतली होती, आणि पहाटे रुपीनगरच्या चाळीतले दळण दळून मग ती कामाला यायची. दर दोन तारखेला ती एक हजार पन्नास रुपये टेबलावर ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. "भरा शेठ." नवनाथ मोबाइलवरून भरायचा. "मेसेज आला?" "आला." "दावा." मेसेज इंग्रजीत असायचा, तिला तो वाचता येत नव्हता, पण तो पाहिल्याशिवाय ती कानस हातात घ्यायची नाही. नवनाथला तिचा थोडा रागच यायचा. शेठवर एवढा अविश्वास?

चौदा महिने गेले. मार्चच्या सुरुवातीला पूनमने रिपोर्ट काढला तर आकडा सातशे बेचाळीस. पूनमने शिरा केला. आणि दुसऱ्या दिवशी तिने गाळ्यात, लेथच्या बरोबर वर, फ्लेक्सची पाटी लावली: 'येथे शेठच्या नावावर काहीही काढून मिळणार नाही.'

आकड्याची बातमी मात्र तळवडेभर पसरली. चारच दिवसांत सोपानराव आले, खुर्ची ओढून बसले आणि मायेने म्हणाले, "ओंकारला मोठी गाडी घ्याची हाय. तुझं नाव आता लई चांगलं झालंय म्हनं."

नवनाथने पाटीकडे बोट केले.

"आमाला बी?"

"पाटी सगळ्यांना सारखी, अण्णा."

सोपानराव भाड्याविषयी काहीतरी पुटपुटत गेले. नवनाथ पुढचे दोन दिवस मान ताठ करून हिंडला. आपण नाही म्हणू शकतो, हे त्याला चाळिशीत प्रथमच कळले होते आणि त्याची चव त्याला भलतीच आवडली.

तिसऱ्या दिवशी दोन तारीख नव्हती तरी रंभाबाई टेबलाशी आली. मसाल्याचा सीझन तोंडावर होता. तिला मिरची कांडपाचे मशीन घ्यायचे होते, सत्तर हजारांचे. जयमाला मॅडमच्या बँकेत जाऊन आली होती. "मॅडम म्हनल्या, तुमचं नावच कुठं दिसत न्हाई. एखादा जामीन आना. शेठ, तुमी ऱ्हाता का? मशीन माझ्याच नावावर. तुमी नुसते जामीन."

नवनाथ तिच्याकडे पाहू शकला नाही. त्याने पाटीकडे पाहिले. "रंभाबाई, एकदा नाव मळलं की धुताना काय होतं ते तुम्ही बघितलंय. माझं मशीन अजून यायचंय. ज्याचं त्यानं बघावं आता."

"बराबर हाय, शेठ," ती म्हणाली. मग तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. "ह्यो घरघंटीचा शेवटचा. अठरावा. दोन तारखेला भरते म्हनलं होतं, पर सुट्टीमुळं ऑफिस बंद असलं तर? आधीच भरा." मेसेज आला, तिने तो पाहिला आणि ती कानस घेऊन बसली. त्या दिवशी नवनाथ मान ताठ करायला विसरला. आपण जे बोललो ते ओसरीवर कुणीतरी आपल्याला बोलले होते, असे त्याला सारखे वाटत होते, पण त्याने ते वाटणे दाबून टाकले.

एकोणीस मार्चला बँकेचा निरोप आला, कर्ज मंजूर. पूनमही कर्जदार होती, म्हणून दोघे गेले. जामीन म्हणून पूनमच्या भावांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. जयमाला मॅडम आज खुशीत होत्या.

"खरं सांगू का केंद्रे? कमिटी तयार नव्हती. दहा खात्यांत उशीरच उशीर. मग मी त्यांना ही एक ओळ दाखवली." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवले. "घरघंटी. अठरा हप्ते, एक दिवस इकडचा तिकडं नाही. मी म्हटलं, हा माणूस मनात आणलं तर किती शिस्तीत भरतो बघा. या ओळीवर तुमचं मशीन पास झालंय."

नवनाथने मान हलवून पेन उचलायचे, एवढेच काम होते. मशीन पुण्यात गाडीवर चढवायचे बाकी होते.

"मॅडम, ते हप्ते मी नाही भरले."

"नोंद तर तुमच्या नावाची आहे."

"भरले रंभाबाईनं. मागं तुमच्याकडं आल्या होत्या बघा, कांडप मशीनसाठी."

मॅडमना आठवले. "त्या? पण त्यांचं तर कुठं काहीच दिसत नाही."

"कसं दिसंल? सगळं माझ्याकडं जमा झालंय," नवनाथ म्हणाला. त्याला लाज वाटली, भर बँकेत, पंख्याखाली बसून घाम फुटेल इतकी वाटली. अठरा महिने पहाटे उठून ती दळत होती आणि पत त्याची वाढत होती, आणि त्याने तिला पाटी दाखवली होती. "मी जामीन राहतो त्यांना."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "विचार करून बोला. तुमचे पैसे सुटायच्या आधी तुम्ही दुसऱ्याला जामीन राहिलात तर मला तुमची फाइल परत कमिटीकडं न्यावी लागेल. मीटिंग चोवीसला. त्यांनी काही शंका काढली तर तुमची एकतीस तारीख गेली."

नवनाथने पूनमकडे पाहिले. पाटी तिची होती. चौदा महिने वहीत फुल्या तिने मारल्या होत्या. पूनमने स्क्रीनवरच्या त्या ओळीतले अठरा हप्ते बोटाने मोजले. मग म्हणाली, "फोन करा रंभाबाईंना. मसाल्याचा सीझन आपल्या एकतीस तारखेसाठी थांबत नाही. म्हणावं तशाच या, कपडे बदलत बसू नका."

रंभाबाई शेअर रिक्षाने आली, अ‍ॅप्रन तसाच, नखांत लोखंडाची काळी भुकटी. तिने अर्जावर मराठीत ठळक सही केली. खाली जामीनदाराच्या रकान्यात नवनाथने केली. त्याला कुणी शेठ म्हटले नव्हते, तरी केली.

"फोटो लागेल," क्लार्क मोबाइल घेऊन उभा राहिला. नवनाथने सवयीने केसांवरून हात फिरवला आणि मधोमध जाऊन उभा राहिला. क्लार्क म्हणाला, "केंद्रे, तुम्ही जरा बाजूला व्हा. कर्जदार त्या आहेत." नवनाथ बाजूला झाला.

चोवीस तारखेच्या मीटिंगमध्ये कमिटीने तीन शंका काढल्या आणि चहा आल्यावर त्या मागे घेतल्या. तीस मार्चला संध्याकाळी क्रेनने मशीन उतरवले. फरशीला फार वजन झाले म्हणून सोपानरावांनी भाडे आणखी हजाराने वाढवले.

पूनमने पाटी काढली नाही. ती अजून लेथच्या वर आहे.

दोन मेला रंभाबाई टेबलाशी आली. आता तिच्या अंगाला लोखंडाबरोबर मिरचीचाही वास यायचा आणि तिच्याशी बोलताना नवनाथला शिंका यायच्या. तिच्या हातात पैसे नव्हते, स्वतःचा मोबाइल होता. हप्ता तिच्या खात्यातून सकाळीच परस्पर गेला होता. तिने मेसेज त्याच्यासमोर धरला.

"काय लिवलंय, शेठ?"

नवनाथने डोळे बारीक केले. "रंभा ज्ञानदेव खरात, तुमचा पहिला हप्ता जमा झाला आहे."

नवे मशीन घरघरत होते. रंभाबाई थोडी पुढे वाकली.

"मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "नाव परत वाचा."

नवनाथ उठला, मशीन बंद केले आणि त्याने ते परत वाचले.